चकतीवरचा बाण

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघे भुसावळहून पॅसेंजरने बोदवडला आपाकडे गेलो. निमित्त भरताचे. थंडीत खान्देशातल्या हिरव्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी ज्याने खाल्ली नाही त्याच्याशी आम्ही वाद घालत नाही. पण घरात पाऊल टाकले आणि काहीतरी बिनसल्याचे कळले. यंदा दहावीला बसलेली भाची आतल्या खोलीत. आपा चुलीपाशी, गप्प. दादींनी, म्हणजे आपाच्या सासूबाईंनी, हातानेच खूण केली की जा, तुम्हीच बघा.

पूर्वपरीक्षेचा पेपर परत मिळाला होता. गणित भाग १, चाळीसपैकी सव्वीस. गुण तसे वाईट नव्हते. पण तिला अकरावीला विज्ञान घ्यायचे आहे, आणि "गणित जमत नसेल तर आर्ट्सला जा, काय बिघडते" असे घरात कुणीतरी बोलून गेले होते. कोण बोलले ते आम्ही विचारले नाही. दुल्हेभाई त्या दिवशी जेवायला जरा उशिराच घरी आले, इतकेच.

तिने पेपर आमच्यापुढे सरकवला. एका प्रश्नावर मोठी लाल फुली होती. प्रश्न असा: एका गोल चकतीचा अर्धा भाग हिरवा, पाव भाग लाल आणि पाव भाग पांढरा आहे. चकतीच्या मध्यावर बसवलेला बाण फिरवला, तर तो हिरव्या भागावर थांबण्याची संभाव्यता किती? तिने उत्तर लिहिले होते १/३.

"मामू, रंग तीन आहेत ना? त्यातला हिरवा एक. मग तीनात एक. यात चुकले काय?"

ही चूक तिच्या एकटीची नाही. शिकलेली मोठी माणसेही ती रोज करतात. "काम होईल नाहीतर होणार नाही, म्हणजे शक्यता अर्धी" असे आपण सहज म्हणतो. याच हिशोबाने परीक्षेत पास किंवा नापास अशा दोनच गोष्टी घडतात, म्हणून वर्षभर अभ्यास केलेल्या मुलीची पास होण्याची शक्यता अर्धी आणि पुस्तक न उघडलेल्या मुलाचीही अर्धी! हे ऐकून आपण हसतो. पण चकतीवर तीन रंग दिसले की तीच चूक करतो, कारण तिथे ती हसू येण्यासारखी दिसत नाही.

समजावून सांगण्याऐवजी आम्ही म्हटले, चकती करू.

सामान घरातच निघाले. लग्नाच्या जुन्या पत्रिकेचा जाड पुठ्ठा, कंपास पेटी, स्केचपेन आणि कागद एकत्र लावायची तारेची क्लिप. कंपासने सहा सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, कापले, मधून दोन रेघा मारून चार समान भाग केले. दोन भाग हिरवे, एक लाल, एक पांढरा. क्लिप चकतीच्या मध्यावर ठेवायची, तिच्या आतून पेन्सिलचे टोक नेमके मध्यबिंदूवर उभे धरायचे आणि क्लिपला बोटाने टिचकी मारायची. क्लिप गरगर फिरते आणि थांबते. झाला बाण. वाचकांच्या घरी मुले असतील तर आजच करून बघा, दहा मिनिटांचे काम आहे.

पहिल्या दहा टिचक्यांत गंमत झाली. सात वेळा पांढरा. भाची म्हणाली, "बघा, पुस्तकातले खरे कुठे होते?" आम्हीही क्षणभर चक्रावलो. मग लक्षात आले की ज्या चौरंगावर चकती ठेवली होती त्याचा एक पाय आखूड आहे. चौरंग एका बाजूला कलला होता आणि क्लिप उताराकडे जाऊन थांबत होती. पायाखाली कागदाची घडी सरकवली, वाटीत पाणी ठेवून सपाटी बघितली आणि नव्याने सुरुवात केली.

आता मोजणी. भाचीने टिचकी मारायची, धाकट्याने रंग सांगायचा आणि दादींनी मोजायचे. दादींच्या हातात तस्बीह होती. धाकटा म्हणाला, तिच्यावरच मोजा. त्यांनी डोळे वटारले आणि डब्यातून चिंचोके आणले. चाळीस टिचक्यांनंतर चिंचोक्यांचे तीन ढीग झाले: हिरव्याचे २२, लालचे ८, पांढऱ्याचे १०.

भाची ढिगांकडे बघत राहिली. तीनात एक असते तर प्रत्येक ढीग तेरा-चौदाच्या आसपास असता. मग तिनेच बोट ठेवले. "हिरवा एक नाही. हिरवे दोन आहेत. भाग चार आहेत. चारात दोन."

१/२. फुली कशाला मिळाली ते तिला कळले. तिने नावे मोजली होती, भाग मोजले नव्हते.

बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यता हे पाचवे प्रकरण आहे. उर्दू माध्यमाची मुले यालाच इहतिमाल म्हणतात. तिच्या चुलतबहिणीच्या उर्दू पुस्तकातही गणिते हीच आहेत. या सगळ्या प्रकरणाचा जीव एका शब्दात आहे, समसंभाव्य. प्रत्येक निष्पत्ती घडण्याची शक्यता सारखी असेल, तरच "हव्या त्या किती" भागिले "एकूण किती" हे सूत्र चालते. चौरंग कलला की ते चालत नाही. भाग लहानमोठे असले की चालत नाही. मुले सूत्र पाठ करतात आणि हा शब्द वाचून पुढे जातात, आणि आम्ही शिकवणारेही पुष्कळदा तो घाईत उरकतो.

त्या पुस्तकातले बाणाचे एक गणित बहुतेक घरांत ओळखीचे असेल. चकतीवर १ ते ८ अशा संख्या आहेत, बाण फिरवला की त्यांपैकी एकीवर थांबतो आणि सगळ्या निष्पत्ती समसंभाव्य आहेत. बाण ८ वर थांबण्याची संभाव्यता किती? एकूण आठ, हवी एक, म्हणून १/८. विषम संख्येवर? १, ३, ५, ७ अशा चार, म्हणून ४/८, म्हणजे १/२. दोनपेक्षा मोठ्या संख्येवर? इथे पेन थांबवून वाचायचे. "दोनपेक्षा मोठी" यात २ नाही. ३ ते ८ अशा सहा, म्हणून ६/८, म्हणजे ३/४. "किमान २" असे विचारले असते तर २ धरून सात झाल्या असत्या आणि उत्तर ७/८ आले असते. नऊपेक्षा लहान? आठही संख्या लहानच, ८/८ म्हणजे १, खात्रीने घडणारी गोष्ट. आणि कुणी विचारले की बाण ९ वर थांबण्याची संभाव्यता किती, तर ० भागिले ८, म्हणजे ०. शून्य आणि एक यांच्या बाहेर उत्तर गेले की पेपर देण्यापूर्वीच समजावे, कुठेतरी गफलत आहे. ५/४ असे उत्तर लिहून त्याखाली दोन रेघा मारणारी मुले आम्ही पाहिली आहेत.

आम्ही याच चकतीवर तिला आणखी दोन प्रश्न घातले. मूळ संख्येवर बाण थांबण्याची संभाव्यता? तिने १, २, ३, ५, ७ लिहिले. आम्ही काहीच बोललो नाही. तिने स्वतःच १ खोडला. १ मूळ संख्या नाही. ४/८. पुढचा प्रश्न: संख्या विषम किंवा मूळ असण्याची संभाव्यता? तिने घाईने चार अधिक चार, आठ केले आणि "एक!" म्हणाली. मग धाकटा, जो सातवीत आहे आणि ज्याला कुणी विचारले नव्हते, तो म्हणाला, "पण ४ विषमही नाही आणि मूळही नाही. ६ पण." बरोबर. ३, ५, ७ या तिघी दोन्ही यादीत होत्या आणि दोनदा मोजल्या गेल्या. नीट यादी केली तर १, २, ३, ५, ७. उत्तर ५/८. अशा वेळी बेरीज करण्याआधी यादी लिहावी, वेळ लागला तरी चालेल.

धाकट्याचा दुसरा प्रश्न आम्हाला जास्त आवडला. "बाण बरोबर रेघेवर थांबला तर?" पुस्तक हे गृहीत धरते की तो थांबत नाही. घरी थांबला तर पुन्हा फिरवायचा आणि ती टिचकी मोजायची नाही. पण हे खेळ सुरू करण्याआधी ठरवायचे, रंग बघून नाही.

भाग असमान असतील तर काय? तेव्हा कोनमापक काढायचे. वर्तुळ ३६० अंशांचे. हिरवा भाग १५० अंशांचा, लाल १२०, पांढरा ९०, असे समजा. हिरव्याची संभाव्यता १५०/३६०, म्हणजे ५/१२. लाल १२०/३६०, म्हणजे १/३. पांढरा ९०/३६०, म्हणजे १/४. आता तिन्हींची बेरीज करून बघा: पाच बारांश, चार बारांश, तीन बारांश, एकूण बारा बारांश, म्हणजे १. बेरीज १ आली नाही तर कोन मोजताना चूक झाली आहे. हा पडताळा फुकट मिळतो. परीक्षेत तो न घेणे म्हणजे दुकानातून सुटे पैसे न मोजता घरी येण्यासारखे.

इथवर दादी चिंचोके चाळत शांत बसल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "हे सगळे ठीक. पण घरात फिरकी, बाण, लाल की हिरवा. लेकरांना जुगार तर शिकवत नाही ना तुम्ही?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. या विद्येची सुरुवात जुगाराच्या हिशोबातूनच झाली हे खरे आहे. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी, अर्धवट सुटलेल्या डावातले पैसे खेळाडूंत कसे वाटावेत, यावर एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्या पत्रांपासून संभाव्यतेच्या शास्त्राची गणना होते. त्याच्याही फार आधी अरबांत बाणांचा जुगार होता. उंट कापायचा, त्याच्या मांसाचे वाटे करायचे आणि पिशवीतून बाण काढायचे. बाण दहा. सातांवर एक ते सात असे वाटे, तीन कोरे. कोरा बाण ज्याच्या नावाने निघाला त्याला वाटा नाही, उलट उंटाची किंमत त्यांनी भरायची. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत दारू आणि जुगाराबरोबर बाणांनी कौल लावण्यालाही मनाई आहे ती याच समाजात. भाचीने ऐकता ऐकता वहीत लिहिले: कोरा बाण निघण्याची संभाव्यता ३/१०. दादींना ते दाखवले. त्या म्हणाल्या, "एवढे त्या अरबांना माहीत नव्हते?" माहीत असावे. बहुधा प्रत्येकाला वाटत असणार की कोरा बाण दुसऱ्याचा.

पण चिठ्ठी टाकणे आणि पैसे लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दादींनाच आमच्यापेक्षा चांगले माहीत होते. बीबी मरियमची देखभाल कुणी करायची हे ठरवायला लेखण्या टाकल्या गेल्या, हे सूरह आले इमरानमध्ये आहे. हजरत मुहम्मद (स.) सफरीला निघताना कोणती पत्नी बरोबर येणार हे चिठ्ठी टाकून ठरवत, हे बुखारीच्या हदीसांत आहे. तिथे कुणाचे जात नाही आणि कुणाला फुकटचे मिळत नाही. सगळ्यांचा हक्क सारखा, जागा एक, म्हणून चिठ्ठी. गणिताच्या भाषेत तेच, समसंभाव्य.

"कुर्रा," दादी म्हणाल्या आणि त्यांची कळी खुलली.

हज कमिटीचा कुर्रा आपल्या घरांना नवा नाही. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत. दादी आणि दादांचा नंबर सलग तीन वर्षे लागला नव्हता आणि चौथ्या वर्षी लागला. "तीनदा हुकले, मग चौथ्यांदा लागायचेच होते," असे दादी गेली कित्येक वर्षे सांगतात आणि घरात कुणी त्यांना अडवत नाही. त्या दिवशी आम्ही अडवले. हळूच. समजा दर शंभर अर्जांमागे पंचवीस जागा आहेत. पहिल्या वर्षी नंबर लागण्याची संभाव्यता १/४. दुसऱ्या वर्षी सोडतीत तुमचा अर्ज पुन्हा इतर शंभरांसारखाच एक, पुन्हा १/४. तिसऱ्या वर्षीही तेच. सोडतीला मागच्या वर्षीचे काही आठवत नाही. मग चौथ्या वर्षी काय झाले? त्या काळी हज कमिटीचा नियमच होता की सलग तीन वर्षे ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना चौथ्या वर्षी सोडतीशिवाय राखीव जागा मिळे. २०१८ पासूनच्या धोरणात ती सोय राहिली नाही.

भाची म्हणाली, "म्हणजे कुर्ऱ्याला आठवण नव्हती, नियमाला होती."

दादी जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बुलावा तर होताच." त्यावर आमचे काही म्हणणे नाही, गणिताचेही नाही.

त्याच सोडतीतली आणखी एक गोष्ट दादींनी सांगितली. त्यांचा दोघांचा अर्ज एकाच कव्हरमध्ये होता. सोडत कव्हरची निघते. लागले तर कव्हरमधल्या सगळ्यांचे लागते, नाहीतर कुणाचेच नाही. भाचीने लगेच विचारले, मग पतीचा लागला आणि पत्नीचा नाही याची संभाव्यता किती? शून्य. एकूण निष्पत्ती कशा मोजायच्या हे सोडत माणसांची आहे की कव्हरची यावर ठरते. आधी चकतीकडे नीट बघायचे, मग मोजायला लागायचे.

दुपारी जेवणे झाली. भरिताबद्दल लिहायला आम्हाला वेगळा लेख लागेल. जेवण झाल्यावर मोठा भाचा, वय वीस, जिनिंगवर हंगामी कामाला जातो, तो आमच्याजवळ येऊन बसला. चकती हातात घेऊन बराच वेळ क्लिप फिरवत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मामू, दहा घरे असली, शून्य ते नऊ, दहा रुपये लावायचे आणि लागले तर ऐंशी. हे कसे असते?"

पुढचे त्याच्या परवानगीने लिहीत आहोत. त्याने आपाला सगळे सांगितल्यानंतर आम्ही ती मागितली.

दिवाळीनंतर एका गावच्या यात्रेत तो चार संध्याकाळी चक्रीवर खेळला होता. पहिल्या तीन संध्याकाळी दहा-दहा रुपये, दीडशे वेळा. म्हणजे १,५०० रुपये लावले. अकरा वेळा त्याचा आकडा आला, ८८० रुपये मिळाले. ६२० गेले. ते परत मिळवायला शेवटच्या संध्याकाळी तो पन्नास-पन्नासने खेळला. चाळीस वेळा, २,००० रुपये. दोनदा लागला, दर खेपेला चारशे. १,२०० गेले. एकूण १,८२०. आपाच्या शिलाई मशीनला मोटार बसवायची म्हणून त्याने मजुरीतून बाजूला ठेवलेले पैसे. आपा अजून पायाने मशीन चालवते, आणि गुडघा दुखतो म्हणून अधूनमधून काम थांबवते.

"मी रोज सात लावत होतो," तो म्हणाला. "वीस-वीस वेळा सात आला नाही. मग तो यायलाच पाहिजे ना?"

इथे चिंचोके पुन्हा बाहेर आले. आम्ही त्याला त्याच्याच बहिणीकडे सोपवले, कारण सकाळपासून तिने जे केले ते याच्यापेक्षा अवघड होते. तिने वहीत लिहिले. दहा घरे, हवे एक, संभाव्यता १/१०. शंभर वेळा खेळला तर सरासरीने दहा वेळा लागेल. भरायचे शंभर गुणिले दहा, १,००० रुपये. मिळायचे दहा गुणिले ऐंशी, ८०० रुपये. दोनशे गेले. दर खेपेला दोन रुपये. जिंकलेल्या खेपा धरूनही, दर खेपेला दोन रुपये. पन्नासने खेळला तर दर खेपेला दहा रुपये.

"आणि वीस वेळा सात आला नाही तर एकविसाव्या वेळी?" तिने विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. "१/१०. दादीच्या कुर्ऱ्यासारखे."

हिशोबाने १,५०० वर सरासरी तूट ३०० ची आणि २,००० वर ४०० ची. त्याची तूट त्याच्या अडीच पटीहून जास्त झाली. संभाव्यता पुष्कळ खेळींची सरासरी सांगते, एका माणसाच्या एका संध्याकाळचे सांगत नाही. कुणी त्याच चक्रीवर जिंकूनही गेला असेल, आणि त्याचीच गोष्ट गावभर झाली असेल. पण चक्रीवाला एक संध्याकाळ खेळत नाही. तो रोज, हजारो खेपा, सगळ्यांशी खेळतो, म्हणून सरासरी त्याच्या बाजूची.

हा हिशोब जगभर असाच आहे. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंत रुलेटचे चाक फिरते. त्याच्या युरोपीय प्रकारात शून्य ते ३६ अशी ३७ घरे असतात आणि एका घरावर लावलेल्या शंभरांचे, मूळ धरून, ३,६०० मिळतात. प्रत्येक घरावर शंभर लावले तर ३,७०० द्यायचे आणि ३,६०० घ्यायचे. मटक्यात एका आकड्याला रुपयाचे नऊ हा जुना भाव. दहा रुपये द्या, नऊ घ्या. आणि हा आकडा आला कुठून? कापसातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईला येत, त्यांवर पैसे लावले जात. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते भाव येणे बंद झाले आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली, म्हणून मटका. कापूस पिकवणारे, वेचणारे, पिंजणारे आपण, आणि त्याच्या भावाच्या शेपटावर बसून आलेला आकडा आपल्याच पोरांच्या मजुरीवर. आम्हाला राग येतो, लपवण्यात अर्थ नाही.

भाचा म्हणाला, "म्हणजे नव्वद दिले असते तर?" शंभर खेपांत १,००० भरून ९००. "आणि शंभर?" तर बरोबरी; पण मग चक्रीवाल्याने तंबूचे भाडे कशातून द्यायचे?

एवढ्यात भाचीने जे विचारले ते आमच्याही डोक्यात आले नव्हते.

"भाऊ, घरे सारखी होती का?"

"कोणती?"

"चक्रीवरची. सातचे घर बाकीच्यांएवढेच रुंद होते? आणि चाक सरळ उभे होते, का आपल्या चौरंगासारखे?"

त्याला सांगता येईना. संध्याकाळ, गर्दी, रंगीत दिवे, फिरते चाक. चार संध्याकाळी तो त्या चाकाकडे बघत होता आणि घरे मोजण्यापलीकडे त्याने काही बघितले नव्हते.

"मग १/१० कशावरून?" ती म्हणाली. "पुस्तकात लिहिलेले असते, समसंभाव्य आहेत म्हणून. तिथे कुणी लिहिले होते?"

तो काही बोलला नाही. क्लिप चकतीवरून उचलून त्याने कंपास पेटीत ठेवली. तासाभराने, आम्ही चहा घेत असताना, तो आत आपाजवळ जाऊन बसला. काय बोलणे झाले ते आम्हाला ऐकू आले नाही. आपाचा आवाज एकदाच चढला. दुल्हेभाईंना कधी आणि कसे सांगायचे ते त्या दोघांनी ठरवायचे आहे.

गाडीला वेळ होता म्हणून निघण्यापूर्वी भाचीला शेवटचे एक अवघड दिले. चकतीचे १, २, ३, ४ असे चार समान भाग. बाण दोनदा फिरवायचा. दोन्ही संख्यांची बेरीज ५ येण्याची संभाव्यता? आता निष्पत्ती चार नाहीत. पहिल्या खेपेच्या प्रत्येक संख्येबरोबर दुसऱ्या खेपेच्या चार, म्हणून सोळा. बेरीज पाच: १ आणि ४, २ आणि ३, ३ आणि २, ४ आणि १. चार जोड्या, ४/१६, म्हणजे १/४. "१ आणि ४" व "४ आणि १" या दोन वेगळ्या निष्पत्ती आहेत हे तिने न सांगता धरले. मग विचारले, निदान एकदा तरी १ येण्याची? ती चार अधिक चार आठ म्हणणार असे वाटले होते. तिने सोळा जोड्या ओळीने लिहून काढल्या, ज्यांत १ आहे त्यांवर खुणा केल्या, मोजल्या. सात. १ आणि १ ही जोडी एकदाच. ७/१६.

दुल्हेभाई दारात उभे राहून बघत होते. त्यांनी वही हातात घेतली, सोळा जोड्या बोटाने मोजल्या आणि विचारले, "अकरावी सायन्सचे फॉर्म कधी निघतात?" आपा म्हणाली, आधी परीक्षा तर होऊ द्या, त्यातच यंदा रोजेही येतात. भाची म्हणाली, गणिताच्या दिवशी सहरी जरा जास्त करीन.

वाचकांसाठी तिनेच एक गणित दिले आहे. चकतीवर १ ते १२ संख्या, भाग समान, चौरंग सपाट. बाण ३ ने किंवा ४ ने भाग जाणाऱ्या संख्येवर थांबण्याची संभाव्यता किती? सात बाराांश असे उत्तर येत असेल तर यादी पुन्हा लिहा.